आडोशाला चिकटायचं नाय

सुगंधा मेलेली नाही. हे आधीच सांगते, कारण आमच्या रिसॉर्टवर तिचं नाव निघालं की सगळे गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. "चांगली होती हो." मॅनेजरसुद्धा म्हणतो. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. ती जिवंत आहे, सरळगावच्या अलीकडे तिच्या घरी आहे, आणि चांगली वगैरे ती कधीच नव्हती. तोंडाने फटकळ, हाताने त्याहून फटकळ. ज्यांनी तिला घालवली त्यांनी तिला चांगली म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याला आमचं रिसॉर्ट आहे. पुढे खोल्या आणि पोहायचा तलाव, मागे माळावर रंगाच्या गोळ्यांचं मैदान. पाहुणे दोन टोळ्या करतात, हातात हवेची बंदूक घेतात. तिच्यातून बोराएवढी गोळी सुटते, अंगावर फुटते, रंग उडतो. ज्याला रंग लागला तो बाद. बाद झालेल्याने हात वर करायचा आणि बाहेर जायचं. मैदानभर आडोसे मांडलेले असतात. निळी प्लास्टिकची पिंपं, टायरांच्या चळती, मुरमाच्या गोणी. त्यांच्यामागे लपून खेळायचं. सुगंधा तिथली मार्शल होती, म्हणजे खेळ शिकवणारी आणि शिट्टी मारणारी. मी पाहुण्यांचे रंगलेले कपडे धुते. माझा धुण्याचा दगड मैदानाच्या हिरव्या जाळीला लागूनच आहे, त्यामुळे तिचं सगळं बोलणं मला आपोआप ऐकू यायचं.

ती उंच, हाडापेराने मोठी. लग्नाआधी कबड्डी खेळायची. त्यातच उजवा गुडघा गेला, तो पुन्हा पुरता वाकला नाही. साडीवर रिसॉर्टचा टीशर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, हातात करवंदीची शिमटी. सुरुवातीला मुंबईचा कोणी माणूस येऊन तिला हा खेळ शिकवून गेला होता. बाकीचं तिने कबड्डीतून आणलं. "दोन्ही एकच," ती म्हणायची. "समोरचा कुठून येनार ते पायांना आधी कळतं. डोकं मागाहून येतं, ते पण कोनाकोनाचंच."

पाहुणे रांगेत उभे राहिले की ती पहिल्यांदा एका पिंपामागे बसून दाखवायची. डावा गुडघा जमिनीला, उजवा वर, कोपरं बरगड्यांना लागलेली. तिचं शिकवणं माझं ऐकून ऐकून पाठ झालं आहे.

"आडोसा म्हंजे नवरा नाय, त्याला चिकटायचं नाय. हातभर मागं ऱ्हायाचं." चिकटलं की समोरचं कमी दिसतं आणि बंदुकीची नळी आधी बाहेर डोकावते.

"वरून बघायचं नाय. वरून कोंबडा बघतो. बाजूनं बघा, एक डोळा, बास."

"एक गुडघा खाली, एक वर. दोन्ही टेकलेत तर देवळात बसलात. मग पळनार कधी?"

"जिथून एकदा डोकावलात तिथून परत नाय. उंदीर पन येवढा येडा नसतो."

कोणाचं कोपर बाहेर दिसलं की शिमटी बसायची. साहेब असो, मेमसाहेब असो. हलकी बसायची, पण बसायची.

एकदा ऑफिसातली माणसं आली होती. त्यांचे मोठे साहेब अंगाने भरपूर. ते पिंपामागे बसले तरी दोन्ही बाजूंनी दिसत होते, आणि त्यांच्याच हाताखालची पोरं नेम धरून हसत होती. सुगंधा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "साहेब, पिंपानं त्याचं काम केलंय. आता तुमी तुमचं करा." पोरं खिदळली. साहेबांनी तक्रार केली आणि मॅनेजरने तिला माफी मागायला लावली. ती जेवणाच्या हॉलमध्ये गेली, सगळ्यांसमोर साहेबांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी साहेब. मोठं पिंप मागवते." आणि परत आली. त्या दिवशी तिने माझ्या डब्यातली सुकटीची चटणी सगळी खाल्ली. विचारलं नाही. ती कधीच विचारायची नाही.

तोंडावरचा मुखवटा मात्र तिला देवासारखा. मैदानात कोणी तो वर केलेला तिला खपत नसे. एका नवीन लग्न झालेल्या मुलाने बायकोबरोबर फोटो काढायला मैदानाच्या मध्येच मुखवटा कपाळावर चढवला. सुगंधा लंगडत धावली आणि आपला पंजा सरळ त्याच्या तोंडावर दाबून धरला. तो आतून ओरडतोय, बायको किंचाळतेय, ही सोडत नाही. शिट्टी वाजून सगळ्यांच्या बंदुका खाली झाल्यावर तिने हात काढला. "डोळा गेल्यावर फोटो कशानं बघनार रे? तिच्या डोळ्यांनी?" बायकोलाच हसू आलं.

माणसाने जागा किती घ्यावी, अंग कुठे ठेवावं, याचंच तिला वेड होतं. मैदान सुटल्यावरही ते सुटायचं नाही. वडापच्या जीपमध्ये आम्ही बरोबर बसायचो. एकदा शेजारचा माणूस मांड्या फाकवून, कोपर तिच्या अंगात घालून बसला. सुगंधा समोर बघत म्हणाली, "कोपर आत." त्याने ऐकलं नाही. तशी ती जीपभर ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, तुमाला बाहेरून कोनी मारत नाय, आत घ्या की." ड्रायव्हर हसला, जीप हसली, आणि माणूस सरळगाव येईपर्यंत घडी घातल्यासारखा बसला.

मला ती मुकी म्हणायची. चारचौघांत माझा शब्द फुटत नाही, म्हणून. खेळ संपला की ती माझ्या दगडापाशी येऊन कपड्यांचे ढीग उलटेपालटे करायची. "हे बघ मुके, कोपरावर निळा. सांगितलावता याला. आनि ही बघ, पाठीवर एक थेंब नाय. ही पोरगी हुशार." कपडे बघून माणूस कसा बसला होता ते ती सांगायची. मला कामाला उशीर व्हायचा. पण मी तिला जा म्हटलं नाही.

मग गावची टीम सुरू झाली.

एका शनिवारी पाहुणे कमी पडले. समोरची टोळी भरायला मॅनेजर माझ्या दगडापाशी आला. "तुम्ही बायका या जरा, मजा येईल." बागेत काम करणारी तारा, खोल्या झाडणाऱ्या दोघी-तिघी आणि मी, अशा आम्ही गेलो. पाहुण्यांना ते फार आवडलं. पुढच्या आठवड्यात गेटवर बोर्ड लागला, गावच्या टीमशी सामना. सुरुवातीला आमच्याही हातात बंदुका होत्या. ताराची गोळी एका पाहुण्याच्या मुखवट्यावर फुटली आणि तो रुसून बसला. त्यानंतर आमच्या बंदुका गेल्या. आम्ही नुसतं या आडोशाकडून त्या आडोशाकडे पळायचं, आणि त्यांनी मारायचं.

पाहुण्यांना जाड, अंगभर कपडे असतात. आम्हाला आमच्या साड्या आणि फक्त मुखवटा. कपडे कमी पडतात, असं मॅनेजर म्हणायचा. ते कपडे मीच धुते. दोरीवर किती सुटे वाळत असायचे ते मला ठाऊक आहे. पण ते पाहुण्यांसाठी राखलेले.

त्यात आमची एक खोड. लप म्हटलं की आमच्या बायका बसत नाहीत, वाकतात. पाय सरळ, कंबरेतून खाली, हात जमिनीपाशी. भाताची आवणी करताना पावसाळाभर आम्ही चिखलात तसंच उभं राहतो. लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यामुळे पिंपामागे डोकं जायचं खाली आणि मागची बाजू राहायची पिंपाच्या वर. पाहुण्यांना दुसरं काय पाहिजे? तिथेच मारायचे. त्याचे व्हिडिओ काढायचे. आपल्या आईच्या वयाच्या बायकांवर नेम धरायचे आणि एकमेकांना टाळ्या द्यायचे.

पहिल्या दिवशी सुगंधाही हसली. मग धुण्याच्या जागी ताराने पदर बाजूला करून पाठ दाखवली. जिथे जिथे गोळी लागली होती तिथे वांग्यासारखं जांभळं उठलं होतं. सुगंधा ते बघत उभी राहिली. तिचं हसणं कुठल्या कुठे गेलं.

सोमवारी रिसॉर्ट रिकामं असतं. तिने आम्हाला मैदानात उभं केलं. रंगाच्या पाण्याची बादली आणि चिंध्यांचा बोळा घेऊन ती समोरच्या एका पिंपाआड, आम्ही इकडच्या पिंपांमागे. जे बाहेर दिसेल त्यावर ओला बोळा बसायचा.

"आवनी करायला आलाव काय गो? रोपं कुठं हायत?"

आम्ही बसायचो, पण कोणी हाक मारली की पुन्हा वाकायचो. ताराचं तर काही केल्या जमेना. सुगंधा लांबून ओरडायची, "ए तारे, सिद्धगड दिसतोय!" आणि सपकन बोळा. सगळ्या लोळून हसायच्या. तारा चिडून म्हणाली, "तुझा माहुलीगड बघ आधी!" तर सुगंधा म्हणाली, "माझा पिंपामागं हाय, म्हनून तर बोलतेय."

जेवायला सोडलं नाही तिने. साडीचा काष्टा घालायला लावला. एक गुडघा खाली, एक वर. कोपरं आत. पिंपापासून हातभर मागे. डोकावायचं ते एका डोळ्याने, आणि दर वेळी दुसऱ्या बाजूने. पळायचं तर समोरचा बंदुकीत गोळ्या भरताना पळायचं, आधी नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. मीसुद्धा शिकले. माझ्याकडे बघून ती एकदाच म्हणाली, "मुकीला बरं जमतंय. हिला लपायची सवयच हाय." मला राग आला होता. खरं होतं म्हणून जास्त आला.

आणि मग आम्ही लागेनाशा झालो. पाहुणे गोळ्यांवर गोळ्या मारायचे, पिंपं टकटक वाजायची, आम्हाला शिंतोडा नाही. तारा पिंपामागून गाणं म्हणायची. गोळ्या संपल्या की आम्ही पदर झटकून बाहेर यायचो. ते दिवस चांगले होते. फार टिकले नाहीत.

मॅनेजर सुगंधाला शोधत माझ्या दगडापाशीच आला. ती कपडे उलटे करत होती.

"सुगंधाताई, गेस्ट बोअर होतात. यांना थोडं बाहेर राहायला शिकवा."

"म्हंजे?"

"म्हणजे पूर्वीसारखं. वाकायच्या ना त्या, तसं."

"तसं शिकवू? मार खायला?"

"मार कुठे आहे? रंग आहे. धुतला की गेला." आणि त्याने माझ्याकडे बघितलं, मी धुणारी म्हणून. जशी काही मी मान डोलावणारच होते.

सुगंधाने हातातला कपडा ढिगात टाकला. "शिकलेलं डोक्यात घालायला शिमटी हाय माझ्याकडं. काढायला नाय."

"विचार करा," तो म्हणाला. त्याचा अर्थ तिला कळला, मलाही कळला. तिच्या घरात कमावणारी तीच. गुडघा वाकत नाही म्हणून शेतात तिला कोणी कामाला घेत नाही. ही नोकरी गेली तर दुसरी नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मॅनेजरला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. अशी माणसं कुठे बोट ठेवायचं ते बरोबर शिकून येतात.

तिने विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी तिची शिट्टी काढून घेतली आणि तिला भांड्यांवर बसवलं. आमची मोठी पातेली जमिनीवर बसून घासावी लागतात. ती पाय लांब करून, वाकडी होऊन घासायची. मैदानावर कल्याणकडचा नवा माणूस आला. त्याने मधली सगळी पिंपं काढून स्वयंपाकघराच्या मागे नेऊन टाकली. "मोकळ्यावर पळा," तो बायकांना म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"मोकळ्यावर?" ताराने विचारलं.

"मग काय झालं? रंगच आहे."

तेच वाक्य. यांना कोणी एकाच ठिकाणी शिकवून पाठवतात काय?

त्या रविवारी कपडे फार होते म्हणून मला टीममध्ये घेतलं नव्हतं. मी जाळीतून बघत होते. बायका मोकळ्यावर पळत होत्या. कुठे जायचं तेच नाही, मग नुसत्या इकडून तिकडे. ताराच्या कानाखाली, मुखवटा संपतो तिथे, गोळी लागली. ती मटकन खाली बसली आणि तिने हात वर केला. हात वर म्हणजे बाद. बाद झालेल्याला मारायचं नाही, हा पहिला नियम. सगळ्यांना सांगितलेला असतो. तरी मारत होते. नवा माणूस हसत होता, शिट्टी त्याच्या गळ्यात लोंबत होती.

स्वयंपाकघराकडून घरघर आवाज आला. सुगंधा एक पिंप आडवं करून ढकलत येत होती. गुडघा वाकत नाही, त्यामुळे वाकडीतिकडी, कधी हाताने, कधी पायाने लोटत. तोंडासमोर भाताच्या पातेल्याचं झाकण धरलेलं. पाहुण्यांना वाटलं हाही खेळच. त्यांनी आरोळ्या ठोकल्या आणि बंदुका तिच्याकडे वळवल्या. पिंपावर टकटक, झाकणावर टणटण. तिच्या दंडावर, पोटरीवर रंग उडत होता. ती थांबली नाही. तारापर्यंत पोचली, पिंप उभं केलं, ताराला दंडाला धरून मागे ओढलं. बाकीच्या बायकाही धावत आल्या.

"एक गुडघा खाली!" ती त्यांच्यावर ओरडली. त्या अवस्थेतसुद्धा. सगळ्या बसल्या.

मग तिने झाकण पिंपावर बडवायला सुरुवात केली. इतकं बडवलं की गोळ्या थांबल्या.

"हात वर केलेल्या बाईला मारता?" ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "तुमाला खेळता पन येत नाय."

आणि मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. "आंटी, सुपर!" म्हणाले. एकजण फोटो काढायला जवळ गेला. तारा कान धरून रडत होती आणि तो सुगंधाच्या खांद्याशी तोंड नेऊन फोटो काढत होता. त्यांनी तिला शिव्या दिल्या असत्या तर मला एवढा राग आला नसता.

मॅनेजरने पाहुण्यांसमोर हसून टाळ्या वाजवल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन तिला उद्यापासून येऊ नको म्हणाला. तिने अर्धं घासलेलं पातेलं तसंच सोडलं आणि रंगलेल्या साडीनिशी रस्त्याला लागली.

पुढच्या शनिवारी नवा माणूस बायकांना बोलवायला आला, तर कोणी उठलं नाही. तारा म्हणाली, "बाग करू, खोल्या झाडू. मैदानात नाय." मॅनेजर आला, आवाज चढवला. कानाखाली काळंनिळं घेऊन ती खुरपत राहिली. गर्दीचे दिवस होते, सगळ्यांना काढून टाकणं त्याला परवडणारं नव्हतं. सुगंधाला मात्र त्याने परत बोलावलं नाही. आम्ही विचारलं. तारानेच विचारलं, मी मागे उभी होते. तो म्हणाला, "चांगली होती, पण ॲटिट्यूड."

मग मुरबाडहून पेंटर आणून त्याने प्लायवुडच्या बायका करवून घेतल्या. माणसाएवढ्या, हिरव्या-लाल साड्या, नाकात नथ, डोक्यावर हंडा, तोंडभर हसू. लोखंडी पाइपावर बसवून मैदानात ओळीने रोवल्या. पाहुणे त्यांना मारतात. संध्याकाळी त्या मी पुसते. ओठांवरचा, छातीवरचा रंग फडक्याने पुसायचा आणि त्यांचं हसू पुन्हा स्वच्छ करून ठेवायचं, हे आता माझं काम आहे.

सुगंधा त्यानंतर एकदाच आली, तिचे कॅनव्हासचे बूट राहिले होते ते न्यायला. सोमवार होता, माळावर कोणी नव्हतं. बूट काखेत घेऊन ती माझ्या दगडाकडे वळली आणि जाळीतून तिला त्या प्लायवुडच्या बायका दिसल्या. मला वाटलं शिवी घालेल. तिने बूट खाली ठेवले, जाळी उचलली आणि आत गेली.

पहिलीच्या खांद्याला धरून तिने जोर लावला. पाइप जमिनीत करकरला आणि ती बाई वळली. समोरून बघणाऱ्याला आता तिची फक्त कड दिसेल, बोटाएवढी. मग दुसरी वळवली. मग तिसरी. शेवटचीचा पाइप मुरमात घट्ट बसला होता. तिने धक्का दिला, दुखऱ्या पायाने लाथ घातली, कळ आली तशी खाली बसली, पाइपाच्या आईबापाचा उद्धार केला आणि उठून पुन्हा लाथ घातली.

"ए मुके, बघतेस काय? धर हिला!"

मी ओला कपडा दगडावर टाकून आत गेले. त्या हसणाऱ्या बाईच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि पिरगाळलं. सुगंधाने खालून लाथ मारली. "अजून!" मी सगळा जोर लावला. बाई वळली.

धापा टाकत ती, पाहुणे नेम धरायला उभे राहतात त्या दोरीपाशी गेली आणि तिथून मैदानाकडे बघितलं. मीही तिच्या मागे जाऊन बघितलं. एकही बाई दिसत नव्हती.

"मारा आता," ती म्हणाली. तिथे कोणीच नव्हतं.